मला तसा अनुभव नाही

पुण्यात थंडी पडली हे मला हवेपेक्षा शालींवरून कळतं. वर्षभर कपाटात घडी घालून ठेवलेल्या शाली बाहेर निघतात आणि कुठल्याही सभागृहाच्या दारात उभं राहिलं की डांबरगोळ्यांचा वास येतो. हा आमचा हंगाम. नोव्हेंबर संपता संपता सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत चालतो. या दिवसांत पुण्यात जो गात नाही तो ऐकत असतो, आणि जो ऐकत नाही तो निदान कुणाचं गाणं पडलं यावर बोलत असतो.

मी वाघोलीला राहते आणि घरीच गाण्याचे वर्ग घेते. गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर इरा नावाच्या माझ्या विद्यार्थिनीची आई, पल्लवी, मागे थांबली. इराला शाळांच्या स्पर्धेत गायचं होतं आणि साथीला तबला हवा होता. पल्लवीनं फोन माझ्यापुढे धरला. "ताई, या मॅडमना विचारू या का? किती बोल्ड आहेत ना या. आय जस्ट लव्ह हर."

फोनवरच्या चित्रफितीत शमीम होती. केस बरेच पांढरे झालेले, रंगवलेले नाहीत. एकटीच वाजवत होती. समोर माणसं भरलेली आणि कॅमेरा तिच्या मनगटांवर. ते किती लोकांनी पाहिलं होतं तो आकडा मी मुद्दाम वाचला नाही. मग पल्लवी लिफ्टकडे वळल्यावर माझ्या फोनवर शोधून वाचला. मला हेवा वाटला. मला ते नवीन नव्हतं. दर थंडीत कधी ना कधी तसं होतंच.

शमीम आणि मी कॉलेजपासूनच्या. मी विश्रांतवाडीहून बसनं यायचे, ती रविवार पेठेतून चालत. तिच्या वडिलांचं तबला-ढोलकी दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं आणि वरच्या दोन खोल्यांत घर. दुकानात कातड्याचा, खळीचा आणि लोखंडाच्या भुकटीचा मिळून एक वास असायचा. चाचा, म्हणजे तिचे वडील, तबल्याच्या तोंडावरची ती काळी शाई थरावर थर देत चढवायचे आणि प्रत्येक थर दगडानं घोटायचे. त्यांना तबला बनवता यायचा, वाजवता येत नव्हता. शमीमनं दुरुस्तीला आलेल्या तबल्यांवर हात बसवला. गिऱ्हाईक न्यायला यायच्या आत वाजवून घे, एवढंच ते तिला सांगायचे. पुढे ती रीतसर गुरूंकडे शिकली.

आम्ही पंधरा वर्षं एकत्र कार्यक्रम केले. गणपतीतले, शाळांच्या सभागृहांतले, कुणाच्या साठीशांतीतले. मी गायचे, ती साथ करायची. कार्यक्रम संपला की लोक माझ्यासमोरून पुढे सरकून तिच्यापाशी थांबायचे. तबला काय वाजला हो, म्हणायचे. मग वळून मला म्हणायचे, तुम्हीही छान गायलात. हा 'ही' मला पंधरा वर्षं टोचत राहिला.

हेवा मोठ्या गोष्टींचा वाटतो असं नाही. डिसेंबरात मी गळ्याला मफलर गुंडाळून, हळदीच्या गुळण्या करून, दही-ताक सोडून बसायचे, आणि ही बाई कार्यक्रमाच्या तासभर आधी आइस्क्रीम खात उभी असायची. मी गळा सांभाळत जगत होते. तिला काहीच सांभाळावं लागत नव्हतं असं मला वाटायचं. तिच्या बोटांची टोकं फुटलेली असत, ती टेप लावून वाजवायची, हे मला दिसत होतं. पण हेवा करायचा ठरवला की माणूस सोयीचं तेवढंच बघतो.

अशाच एका थंडीत शहरातल्या एका जुन्या संगीतसभेनं मला सकाळच्या सत्रात गायला बोलावलं. मी तोडी गायले. चांगली झाली. नंतर सत्कार. सभेचे अध्यक्ष सत्तरीच्या आसपासचे, गावात मान असलेले गृहस्थ. त्यांनी माझ्या खांद्यांवर शाल घातली आणि शालीखालून त्यांचा हात माझ्या कमरेवर आला. तो तिथेच राहिला. ते माइकवरून माझ्या स्वरातल्या सात्त्विकतेबद्दल बोलत होते आणि त्यांची बोटं हलत होती. मी समोर बघून हसत उभी राहिले. त्याचा फोटो आहे. फोटोत शाल आहे, नारळ आहे, माझं हसू आहे. हात दिसत नाही.

घरी जाताना रिक्षात मी ते शमीमला सांगितलं. तिनं रिक्षावाल्याला रिक्षा वळवायला सांगितली. परत जाऊ आणि आत्ताच्या आत्ता विचारू, असं तिचं म्हणणं. मी तिला शपथ घातली, रडले, माझा संसार आहे, सासूबाई आहेत, असं काय काय बोलले. तिनं रिक्षा पुन्हा सरळ घ्यायला सांगितली. रविवार पेठेत उतरताना म्हणाली, "तुझं नाव माझ्या तोंडून कधी जाणार नाही. पण मी हे विसरेन असं समजू नकोस."

त्यानंतर कितीतरी दिवस मला एक गोष्ट सुचत राहिली, आणि ती कुणाला सांगावी हे कळत नव्हतं. आम्ही ज्या बंदिशी गातो त्यांतल्या निम्म्या म्हणजे बायकांच्या तक्रारी आहेत. मनगट सोड, वाट अडवू नकोस, सगळे बघतायत. आम्ही ते आळवून आळवून गातो, नको नको म्हणण्याच्या शंभर जागा घेतो, आणि समोरचे लोक डोळे मिटून दाद देतात. तीच बाई गाणं संपवून, तानपुरा खाली ठेवून, साध्या आवाजात म्हणाली की हात काढा, तर त्याच सभागृहात तिचा स्वर कर्कश ठरतो.

पुढच्या थंडीत त्याच सभेनं 'संगीतातील स्त्री' असा परिसंवाद ठेवला. रविवारची सकाळ, शाळेचं सभागृह. व्यासपीठावर पाच खुर्च्या आणि त्यांत तीन पुरुष. शमीम सगळ्यात कडेच्या खुर्चीवर. साथीदारांच्या वतीनं तिला शेवटची पाच मिनिटं दिली होती. मी तिसऱ्या रांगेत बसले होते.

तिनं कागद आणला नव्हता. मार्चमध्ये मला फार काम असतं, ती म्हणाली. महिला दिनाला तीन-तीन ठिकाणी बोलावतात, सगळ्या बायकाच गाणार आणि वाजवणार, आणि एप्रिलपासून मी पुन्हा घरी. पंधरा वर्षांत एकाही मोठ्या गवयानं मला साथीला घेतलेलं नाही. एकांनी कारण सांगितलं की बाई शेजारी बसली की लक्ष जातं. माझं नाही हो, लोकांचं जातं, असंही ते म्हणाले. सभागृह हसलं. तीही हसली. लोकांना वाटलं, झालं आता.

मग ती अध्यक्षांकडे न बघता म्हणाली, "माझ्या ओळखीच्या एका गायिकेला याच सभेनं शाल घातली. घालणाऱ्यांचा हात भाषण संपेपर्यंत शालीखालीच होता. ती हसत उभी राहिली, कारण समोर सगळं गाव होतं. पुढच्या वेळी शाल आमच्या हातात द्या. आम्हाला घालता येते."

मागच्या रांगांतल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांत कुणीतरी खोकलं.

मला काय वाटलं ते लिहायला हवं, कारण त्याचसाठी हे लिहायला घेतलं आहे. मला हायसं वाटलं नाही. कृतज्ञता तर नाहीच नाही. मला वाटलं, ते वाक्य माझं होतं. वर्षभर मी न्हाणीघरात, बसस्टॉपवर, रात्री भांडी आवरताना ते जुळवत होते आणि ते कधी पुरं होत नव्हतं. तिनं ते एका झटक्यात म्हटलं, आणि इतकं नेमकं म्हटलं की त्यातला एक शब्दही मला बदलता आला नसता. कंबर माझी होती आणि टाळ्या तिला मिळाल्या. तिसऱ्या रांगेत बसून मी खरंच असा विचार केला.

कुणीतरी ते चित्रित केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर गेलं. मग सुरू झालं. जिला तबला वाजवून दाद मिळत नाही तिनं तोंड वाजवायला घेतलं, असं कुणी लिहिलं. प्रसिद्धीची सोय बरी आहे, असं कुणी. एका निवृत्त प्राध्यापकांनी वर्तमानपत्राला पत्र पाठवलं, अतिशय शुद्ध मराठीत, की साथीदाराचा धर्म मागे राहण्याचा असतो आणि मागे राहणाऱ्याचा आवाज पुढे ऐकू येऊ लागला तर काहीतरी बेसूर झालं आहे असं समजावं. लोकांना ते पत्र फार आवडलं. तिच्या नावावरून जे लिहिलं गेलं ते मी इथे लिहीत नाही. सगळ्यांचा एक प्रश्न मात्र सारखा होता. ती गायिका कोण? असेल तर नाव सांगा, नाहीतर माफी मागा.

शमीमनं नाव सांगितलं नाही. माफी मागितली नाही. पंधरा दिवसांत तिचे त्या हंगामातले सगळे कार्यक्रम रद्द झाले, कुणी आजारी पडलं म्हणून, कुणाचं सभागृह मिळालं नाही म्हणून. एका सकाळी चाचांनी दुकान उघडायला घेतलं तर पायरीवर एक तबला ठेवलेला होता. त्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सुरीनं आडवी फाडलेली. चाचांनी तो आत घेतला, नवी पुडी चढवली, शाई दिली, सुरात लावला आणि दर्शनी फळीवर ठेवला. कुणाचा असेल तो घेऊन जाईल, म्हणाले. हे मला नंतर तिसऱ्याच माणसाकडून कळलं, कारण त्या पंधरा दिवसांत मी दुकानाकडे फिरकले नव्हते.

अध्यक्षांचा मला फोन आला तो याच दिवसांत. आवाज नेहमीसारखा मृदू. संक्रांतीच्या सुमाराला सभेचा मुख्य कार्यक्रम असतो, त्यात संध्याकाळचं सत्र आपण गावं असं मंडळाचं मत आहे, म्हणाले. ते सत्र मी दहा वर्षं मागत होते. मी हो म्हणाले. मग ते म्हणाले, "साथीला आपण दुसरं कुणी घ्याल, असं मी गृहीत धरतो." त्यालाही मी हो म्हणाले.

चार दिवसांनी एका वर्तमानपत्राच्या बातमीदारानं फोन केला. तुम्ही शमीमताईंबरोबर इतकी वर्षं गाताय, तुम्हाला असं काही जाणवलं का, असा साधा प्रश्न. मी ओट्यापाशी उभी होते, कुकरची दुसरी शिट्टी झाली होती. 'नंतर बोलते' म्हणून फोन ठेवता आला असता.

"मला तसा अनुभव नाही," मी म्हणाले. आणि मग कुणी न विचारलेलं आणखी एक वाक्य जोडलं. "शेवटी कलाकारानं कलेतूनच बोलावं."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या फोटोसकट छापून आलं. फोटो शालीचाच होता.

त्यानंतर लोकांचा आवाज एकदम मोठा झाला. बघा, तिच्याबरोबर गाणारीच सांगतेय. बाईच सांगतेय. माझी ती दोन वाक्यं लोक एकमेकांना पाठवू लागले, शमीमच्या प्रत्येक चित्रफितीखाली चिकटवू लागले. ज्यांनी मला कधी ऐकलं नव्हतं त्यांनी मला सुसंस्कृत म्हटलं. मी ते कात्रण कापून ठेवलं.

पुढे ज्यांना खरं कळलं, म्हणजे माझी बहीण आणि एक मैत्रीण, त्यांनी मला समजून घेतलं. तू घाबरली होतीस, म्हणाल्या. संसार होता, नाव होतं, बायकांना बोलता येत नाही ग. मी मान हलवली. भीतीला लोक माफ करतात, म्हणून मी इतकी वर्षं भीतीच्या आड उभी राहिले. पण मी घाबरले नव्हते. त्या दिवसांत गावात एकच नाव होतं आणि ते माझं नव्हतं. तिला शिव्या देणारेसुद्धा तिच्याचविषयी बोलत होते. माझ्या अंगावरून गेलेली गोष्ट तिची झाली होती, आणि तिच्या हातात ती माझ्यापेक्षा शोभत होती. बातमीदारानं विचारलं तेव्हा मला एवढंच दिसलं की हिला आत्ता खाली आणता येईल.

संक्रांतीच्या संध्याकाळी मी गायले. तबल्याला एक तरुण, तयारीचा मुलगा होता. सभागृह भरलेलं. लोकांनी दाद दिली, आणि कार्यक्रम संपल्यावर ते माझ्यापाशीच थांबले. मला अपराधी वगैरे वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल. पण त्या संध्याकाळी मला छान वाटलं. हातावर तिळगूळ ठेवणारे अध्यक्ष गोड बोला म्हणाले आणि मी वाकून नमस्कार केला.

पुढच्या वर्षी त्या सत्रात दुसरी गायिका होती. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणी. मला पुन्हा बोलावणं आलं नाही. माझं काही चुकलं नव्हतं. त्यांचं माझ्याकडचं काम झालं होतं.

शमीमनं मला फोन केला नाही. मीही केला नाही. ती लोणी काळभोरच्या एका शाळेत संगीतशिक्षिका म्हणून जाऊ लागल्याचं कानावर आलं. रोज सोलापूर रस्त्यानं बस बदलत. दोन-तीन थंड्या ती कुठल्याच व्यासपीठावर दिसली नाही. मग दुकानाच्या वरच्या खोलीत तिनं मुलींसाठी वर्ग काढला, साथीला कुणी घेत नाही म्हणून एकटीनं वाजवायला लागली, आणि लोक बाहेरगावाहून ऐकायला येऊ लागले. आता ती 'आमच्या पुण्याची' झाली आहे. पूर्वी माझी वाक्यं चिकटवणारे आता तिचं वादन एकमेकांना पाठवतात. त्यांना आठवतही नसेल. अध्यक्ष आता ऐंशीच्या पुढे आहेत, पहिल्या रांगेत बसतात, मुली त्यांच्या पाया पडतात.

मी काल तो फोटो बाहेर काढला होता. म्हणून इथे स्वच्छ लिहून ठेवते. मला तसा अनुभव आहे. ती गायिका मी आहे.

पण हे लिहिण्याआधी मी तिच्याकडे गेले. इराचं निमित्त होतं. शनिवारी सकाळी वाघोलीहून निघाले आणि रविवार पेठेत पोचेपर्यंत तीनदा परत फिरावंसं वाटलं. दुकान आता तिचा मामेभाऊ चालवतो. चाचा गेले, त्याला तीन वर्षं झाली असं त्यानंच सांगितलं. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही शिल्लकही ठेवलं नव्हतं. वर सतरंजीवर सहा-सात मुली ओळीनं बसलेल्या, पुढ्यात तबले. शमीमनं माझ्याकडे पाहिलं. "ये," म्हणाली, आणि मुलींना पाणी पिऊन यायला सांगितलं.

मी आधी इराचं बोलले. ती म्हणाली, मी कशाला, माझी एक विद्यार्थिनी देते, तिच्याच वयाची आहे, दोघींना एकमेकींची सवय होईल. बोलता बोलता ती एका तबल्याची चामड्याची वादी ओढून बघत होती.

"तेव्हा मी पेपरात बोलले ते घाबरून नाही बोलले," मी म्हणाले. "मला तुझा हेवा वाटत होता. लोक तुला शिव्या देत होते, त्याचासुद्धा."

तिनं मान वर केली नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "घाबरून बोलली असतीस तर त्याच संध्याकाळी मला फोन केला असतास. तू नाही केलास."

मी विचारलं की मग नाव का नाही सांगितलं, माझ्याच तोंडावर मला खोटं पाडता आलं असतं. ती म्हणाली की तेही मनात आलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. पण नाव घेतलं असतं तर तू पुन्हा नाही म्हणाली असतीस, आणि मग लोकांना चघळायला दोन बायका मिळाल्या असत्या. तेव्हा एक पुरे होती. दोन वर्षं तुझा फार राग होता, असं तिनं सांगितलं. पुढे मुली वाढल्या आणि रागाला सवड राहिली नाही. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही.

मुली परत आल्या. मी उठायला लागले तेव्हा ती म्हणाली की तासभर असशील तर बस, यांना गाण्याबरोबर ठेका धरायला शिकवायचाय आणि गाणारं कुणी मिळत नाही. एकच मुखडा पुन्हा पुन्हा म्हणावा लागेल, मध्येच थांबवीन, तुला वैताग येईल.

मी बसले. यमनमधली एक छोटी बंदिश घेतली. सातही मुली ठेका धरू लागल्या, काही पुढे, काही मागे. मला वाटलं, आता जरा रंगवावं. तिला दिसू दे की गळा अजून आहे. मी एक हरकत घेतली, मग एक तान.

शमीमनं हात वर केला. मुली थांबल्या. "मेधा, तुझी लय पळतेय," ती मुलींसमोर म्हणाली. "यांना धरता येत नाहीये. साधं म्हण."

माझे कान तापले. सगळ्यात धाकटी मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. शमीम बोटांनी सतरंजीवर मात्रा मोजत वाट पाहत होती, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. मी साधा मुखडा पुन्हा घेतला.